न वेचलेल्या गोचिडी

सकाळी सात वाजता पद्मजा मोहोळकरने पहिल्या मेंढीचा कान उलटा करून पाहिला. कानात गोचीड नव्हती.

कानामागेही नव्हती. शेपटीखाली, जांघेत, आचळाच्या बाजूच्या उघड्या कातडीवर, कुठेच नव्हती. दुसऱ्या मेंढीलाही नव्हती. अशा बऱ्याच मेंढ्या झाल्या. मेंढरे कोंडायच्या जाळ्यावर, वाघरीवर, ऊन आले आणि पद्मजाच्या हातातला कागद कोराच राहिला. मेंढ्या मात्र एका ओळीत, अगदी शहाण्यासारख्या उभ्या होत्या. इतकी वर्षे प्राणिशास्त्र शिकून तिने एकदम इतक्या स्वच्छ मेंढ्या कधी पाहिल्या नव्हत्या.

१९३४ सालचा कार्तिक चालला होता. जागा मंद्रूपच्या दक्षिणेची, सरकारी कुरणाला लागून असलेला माळ. पद्मजा सोलापूरच्या एका हेडमास्तरांची मुलगी. मुंबईला एम.एस्सी. झाली होती आणि तिथल्याच एका संस्थेच्या अभ्यासवृत्तीवर गोचिडीचा अभ्यास करीत होती: ती कुठे जन्मते, कुणाच्या रक्तावर वाढते आणि माणसाला ताप देते ती नेमकी कुठली. सोबत तिची प्रभाआत्या होती. तरण्या मुलीने एकटीने माळावर हिंडू नये म्हणून वडिलांनी पाठवलेली. आत्या हिवराच्या एका झाडाखाली छत्री उघडून बसली होती आणि शेंगा फोडत होती.

त्या तापाची गोष्ट अशी. गेली दोन वर्षे दिवाळीनंतर कुरणाच्या आसपासच्या वस्त्यांवर तो येत होता. डोके ठणकायचे, अंग मोडून यायचे, आणि चार-पाच दिवसांनी मनगटांवर, घोट्यांवर, तळहातांवर लाल ठिपके उमटायचे. बहुतेक माणसे उठली, दोन दगावली. गोचीड चावल्यावर हा ताप येतो, हे आता सगळ्यांनी धरून चालले होते. प्रश्न होता तो गोचीड कुणाची, एवढाच. गावाने उत्तर देऊन टाकले होते: धनगराची. मेंढरे कुरणाच्या कडेकडेने फिरतात, गोचिडी सांडत जातात, आणि त्या गवत कापणाऱ्या बायांना चढतात. महिनाअखेर मामलेदार याचा निकाल देणार होते. तो गावासारखाच लागला, तर बिरप्पा धनगराने आपला कळप शिवाराबाहेर, भीमेपलीकडे न्यायचा.

बिरप्पाच्या मेंढ्या नुकत्याच व्यालेल्या होत्या. कोकरे अजून धड उडी मारत नव्हती. नदीपलीकडची राने दुसऱ्या कळपांनी कधीच धरली होती. आता निघायचे म्हणजे निम्मी कोकरे वाटेवर सोडून द्यायची, हे त्याला कुणी सांगायला नको होते.

पद्मजाने कामाचा बेत साधा आखला होता. आधी मेंढ्यांच्या अंगावरच्या गोचिडी मोजायच्या. मग कुरणातल्या गवतावरून पांढऱ्या फलालिनीचे फडके ओढायचे. गवताच्या शेंड्यावर पाय पसरून बसलेली गोचीड जाणाऱ्या-येणाऱ्याला धरते, तशी फडक्यालाही धरते. दोन्हींकडची मोजदाद शेजारी ठेवली की काहीतरी बोलता येईल. आणि आता मेंढ्यांच्या रकान्यात शून्यांची रांग लागली होती.

तिने बोटे नाकाशी नेली. करंजाच्या तेलाचा वास. बोटांची टोकेही पिवळी झाली होती.

"म्हाळसाबाई," तिने बिरप्पाच्या बायकोला विचारले, "गोचिडी कुठं गेल्या?"

म्हाळसाबाई याच प्रश्नाची वाट बघत असावी. पदर सावरून ती पुढे आली.

"गेल्या की चुलीत! लाह्या फुटल्यावानी वाजत हुत्या. आमी समद्या बायका बसलो हुतो. एक म्हणून ठिवली न्हाय बगा. वरनं त्याल लावलं, हळद लावली."

"पण काढायला कुणी सांगितलं?"

"तुमीच की! कान बगणार म्हणून सांगावा तुमीच धाडला न्हवं?"

निरोप पद्मजानेच धाडला होता. मंद्रूपच्या बाजारात बिरप्पा भेटला तेव्हा तिने सांगितले होते, मी येऊन मेंढ्यांचे कान बघणार आहे. तिला कुठे ठाऊक असणार, की धनगराच्या घरी या वाक्याचा अर्थ ठरलेला असतो? खतासाठी ज्याच्या रानात मेंढरे बसवायची, तो शेतकरी आधी येऊन कान उलटून बघतो. गोचीड दिसली की म्हणतो, तुझा कळप माझ्या बैलांजवळ नको. म्हणून कुणी कान बघणार म्हटले की घरातल्या बायका बसतात आणि कळप वेचून काढतात. त्यातून ही पाहुणी सोलापूरची.

"अक्का," राखणदार मडिवाळप्पा हसत हसत म्हणाला. हा कुरणाचा सरकारी राखणदार, मूळचा अक्कलकोटकडचा. "बाई गोचिडच बगाय आल्यात री. मेंढरं न्हाई."

"गोचिड बगाया?" म्हाळसाबाईने पद्मजाला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. पाचवारी पातळ, त्याखाली कापडी बूट, बुटांवर पोटरीपर्यंत ओढलेले मोजे. "मुद्दाम? घरी कायी कमी हाय का बाईंच्या?"

"मी हेच तिच्या बापाला विचारते," हिवराखालून प्रभाआत्या म्हणाली.

सगळे हसले. पद्मजाही हसली, पण हसता हसता तिने कळपाकडे पाहिले आणि तिचे हसू मावळले. आसपास दुसरा कळप नव्हता. बाकीचे धनगर दसऱ्यालाच खाली उतरून गेले होते. मेंढीच्या अंगावर आपसूक किती गोचीड असते, हे आता या हंगामात कळायची वाट बंद झाली होती.

तिने हे बिरप्पाला समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "म्हंजी आता मेंढरावर गोचिड न्हाय."

"आज नाही."

"मग तेवडंच लिवा की."

"लिहा की बाई," मडिवाळप्पानेही री ओढली. "शून्य ते शून्य. तुमी मोजलं, मी बगितलं. मामलेदार काय कान उलटे कराय येणार हाय होय?"

"शून्य कशानं झालं तेही लिहावं लागेल," पद्मजा म्हणाली.

बिरप्पाच्या कपाळाला आठी पडली. "आमी जनावर सोच्छ ठिवतो, हे खोटं हाय काय?"

"खोटं नाही."

"मग?"

कळप वर्षभर असाच राखला जातो की कान बघणारा आला म्हणजेच, हे तिला माहीत नव्हते. विचारले असते तर बिरप्पाला राग आला असता, आणि तो रास्तही ठरला असता. ती आपली फडकी घेऊन कुरणाकडे निघाली.

तीन वर्षांपूर्वी जंगलखात्याने या कुरणात मेंढ्या-शेळ्यांना बंदी केली होती. बाभळीची रोपे वाढावीत म्हणून. रोपे वाढली होती. पण त्याहून जास्त वाढले होते गवत. बाहेरचा माळ खुरटा, उन्हाने तापलेला. कुरणाचा चर ओलांडला की गवत मांडीला लागायचे. सकाळी उशिरापर्यंत त्याच्या बुडाशी दव असायचे. त्या ओलाव्यात उंदरांची बिळे होती, सशांनी बसून बसून केलेल्या खळग्या होत्या, तित्तिर होते. पद्मजा वाकून गवताचे बूड हाताने चाचपून बघे आणि मनाशी म्हणे, मी गोचीड असते तर इथेच राहिले असते.

म्हाळसाबाई मागोमाग चराच्या काठापर्यंत आली. आपण केलेल्या पाहुणचाराने पाहुणीचे काहीतरी बिनसले, एवढे तिला कळले होते. नेमके काय, ते अजून उमगले नव्हते. पद्मजाने काठीला बांधलेले फडके सोडले, जोरात झटकले, उन्हात धरून एक बाजू पाहिली, उलटून दुसरी पाहिली आणि पुन्हा झटकले.

"आता हे कशापायी?" म्हाळसाबाईने विचारले. "नवंच दिसतंय की फडकं."

"मागची एखादी गोचीड राहिली असली तर? मग ती या गवताची म्हणून मोजली जाईल. आधी फडकं अगदी कोरं पाहिजे. म्हणजे नंतर जे काही लागेल ते इथलंच..."

ती बोलता बोलता थांबली. फडके हातात तसेच लोंबत राहिले. तिने वळून माळावरच्या कळपाकडे पाहिले. वेचलेल्या, तेल लावलेल्या, एकही गोचीड नसलेल्या मेंढ्या ऊन खात उभ्या होत्या.

"म्हाळसाबाई," ती म्हणाली, "तुम्ही मला एवढी फडकी धुऊन दिलीत, आणि मी तोंड पाडून बसले!"

"फडकी?" म्हाळसाबाईने मागे वळून पाहिले. "कुटं?"

नवा बेत दुपारच्या भाकरीच्या आत ठरला. मडिवाळप्पाच्या वरिष्ठांनी अभ्यासापुरता कळपाचा काही भाग कुरणात न्यायची परवानगी आधीच दिलेली होती. निम्म्या मेंढ्यांच्या पाठीवर खुणेसाठी तांबडी काव ओढून त्या कुरणात सोडायच्या. उरलेल्या बिनखुणेच्या मेंढ्या बाहेर, नेहमीच्या माळावर. तेलाचा वास गोचिडीला आवडत नाही म्हणून सगळा कळप आधी ओढ्यात धुवायचा. पुढच्या बाजारादिवशी दोन्हींचे कान बघायचे. आणि तोवर कुणीही कुठल्याही मेंढीच्या अंगावरची एकही गोचीड काढायची नाही.

हे शेवटचे ऐकल्यावर म्हाळसाबाई उठून उभी राहिली.

"म्हंजी डोळ्यानं बगायची आन ऱ्हाऊ द्यायची?"

"हो."

"कोकराच्या डोळ्यापाशी असली तरी?"

"कोकरं यात नाहीत. कोकरांच्या काढा. मोठ्यांच्या नाही."

"आन कुणी आलं-गेलं? काय म्हणंल?"

"काय म्हणायचं ते म्हणंल," बिरप्पा म्हणाला. "भीमेपल्याड जाण्यापरास बरं."

मेंढ्या धुणे सोपे गेले. काव लावणेही सोपे गेले. आठवडाभर हात आवरणे मात्र म्हाळसाबाईला फार जड गेले. तिचे हात लहानपणापासून या कामाला लागलेले. बोलता बोलता, उन्हात बसल्या बसल्या, मेंढी जवळून गेली की बोटे आपसूक कानामागे जायची. दोनदा तर पद्मजानेच तिला हाक मारून थांबवले. मग तिने लोकर पिंजायला घेतली. हातांना काहीतरी हवे म्हणून सकाळपासून पिंजत बसायची. वर्षाची लोकर पिंजून संपली, तेव्हा शेजारच्या पालातली मागून आणली.

त्यात ओढ्यावर पाणी भरताना केराबाईने तिला गाठले. केराबाई तिची चुलतजाऊ, गावालगतच्या वस्तीवर राहणारी, जीभ धारदार.

"काय गं म्हाळसे, डोळं गेलं का बोटं झडली? कुरणातली मेंढरं बगितली तुजी. कानावर खसखस पेरल्यावानी दिसतंया."

"सरकारी काम हाय ते," म्हाळसाबाई म्हणाली.

"गोचिड पाळायचं?"

"व्हय, पाळायचं! तुला जमंल व्हय?"

हे तिने परत येऊन सांगितले तेव्हा पद्मजा ताडकन उठली. केराबाईचा टोमणा तिच्या दृष्टीने बातमी होती. खसखस म्हणजे गोचिडीची नुकती अंड्यातून निघालेली पिल्ले. वेचून कोऱ्या केलेल्या मेंढ्यांनी ती बाहेरून नेलेली असणे शक्य नव्हते. तरी पद्मजा लगेच पाहायला गेली नाही. बाजारादिवशी बघायचे ठरले होते, त्या दिवशीच बघणार. प्रभाआत्या म्हणाली, "सण असल्यासारखी बसलीय वाट बघत."

तो दिवस उजाडला. मडिवाळप्पाने मेंढ्या धरल्या, बिरप्पाने कान उलटे केले, पद्मजाने मोजले. काव लावलेल्या जवळजवळ प्रत्येक मेंढीच्या कानावर, नाकपुड्यांवर, पापण्यांच्या कडेला बारीक पिल्ले चिकटलेली होती. काहींच्या जांघेत मोठ्याही होत्या, फुगलेल्या. मडिवाळप्पाच्या तोंडून शीळ निघाली. ज्या कुरणात तीन वर्षे मेंढीचा पाय पडला नव्हता, त्याच कुरणाने कोऱ्या मेंढ्या आठवड्यात भरून टाकल्या होत्या. ससे, उंदीर, तित्तिर, ओले गवत: मेंढीवाचून गोचिडीचा संसार तिथे उत्तम चालला होता.

बिरप्पाच्या तोंडावर आता हसू मावेना. "आता बोला म्हणावं गावाला!"

मग बिनखुणेच्या मेंढ्या आल्या. पहिल्या काही कोऱ्या निघाल्या. त्यानंतरच्या एकीच्या कानामागे दोन गोचिडी होत्या. पुढे आणखी एकीला, मग आणखी काहींना. कुरणातल्यांच्या मानाने थोड्याच, पण होत्या.

बिरप्पाचे हसू आटले. "ह्या बी लिवणार?"

"लिहिणार."

"कुरणाच्या कडंला चरतात, तितनं आल्या असतील."

"असतीलही. किंवा माळावरच्याच असतील. मला सांगता येत नाही."

"म्हाळसेनं काल ह्या धा-ईस काढल्या असत्या तर..."

"आता बोलतोय हा!" म्हाळसाबाई कडाडली. "माजी बोटं बांधून आठ दिस बसविलं, समद्या ओढ्यानं माज्यावर थुकायचं बाकी ठिवलं, आन आता म्हणतोय काडल्या असत्या तर! लिवा बाई. एकूण एक लिवा. फुकट न्हाय ऱ्हाऊ दिल्या म्या!"

बिरप्पाने पुढची मेंढी आणली.

मोजदाद संपल्यावर म्हाळसाबाईला मोकळीक मिळाली. ती पहिल्या मेंढीवर जी तुटून पडली ती सूर्य कलेपर्यंत उठली नाही. बोटात चिरडू नका, चिमटीत धरून अलगद ओढा आणि तेलाच्या वाटीत टाका, असे पद्मजाने बजावले होते. चिरडलेल्या गोचिडीच्या रक्तातूनही ताप येऊ शकतो, असा तिचा संशय होता. म्हाळसाबाईने तेवढे ऐकले. इतका समाधानी चेहरा पद्मजाने मुंबईच्या कुठल्याही प्रयोगशाळेत पाहिला नव्हता. थोड्या वेळाने तिनेही एक मेंढी पुढ्यात घेतली. सुरुवातीला तिच्याकडून गोचिडीचे डोके कातडीतच राहू लागले, तेव्हा म्हाळसाबाईने तिच्या हातावर एक चापट दिली आणि दोघी पुन्हा कामाला लागल्या. पलीकडे आत्या आणि केराबाई शेंगांच्या टरफलांचा ढीग मध्ये घेऊन कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत होत्या.

महिनाअखेर मामलेदारांसमोर पद्मजा उभी राहिली. गावातली पाच-सहा माणसे, मडिवाळप्पा आणि बिरप्पा हजर होते. तिने कळपाच्या दोन्ही भागांचे आकडे सांगितले, मधल्या दिवसांत कुरणात आणि माळावर ओढलेल्या फडक्यांचे सांगितले, आणि पहिल्या दिवशी मेंढ्या कोऱ्या का होत्या तेही सांगितले. गाव त्यावर हसले.

"म्हणजे मेंढरं निर्दोष?" मामलेदारांनी विचारले.

"तसं मी म्हणत नाही. बाहेरच्या मेंढ्यांवरही गोचीड आहे. पण कुरणात ती मेंढ्यांवाचून जगते आणि भरपूर जगते. मेंढरं शिवाराबाहेर काढली म्हणून ती जाणार नाही. एवढंच मला ठाऊक आहे."

"मग करायचं काय?"

हा भाग तिने फार काळजीपूर्वक मांडला. कुरणाचा एक पट्टा कळपाला मोकळा करून बघावा. मेंढ्या गवत खालपर्यंत खातील, बुडाशी ऊन पोहोचेल, जमीन सुकेल. अंगाला लागलेल्या गोचिडी बायका दर बाजाराला वेचतील. बाकीचे कुरण आहे तसे बंद राहू द्यावे. दोन्हींकडे फडके ओढून फरक बघावा. फरक पडेलच असे ती म्हणत नव्हती.

"बाभळीची रोपं?" मामलेदार म्हणाले.

"मेंढ्या ती खातील का, तेही बघावं लागेल."

"बाई," मामलेदार खुर्चीत मागे रेलले, "इतकं कमी सांगायला इतकी मेहनत घेणारं माणूस मी प्रथमच बघतोय." त्यांनी हुकूम दिला: जंगलखात्याच्या संमतीने पश्चिमेचा पट्टा गुढीपाडव्यापर्यंत बिरप्पाच्या कळपाला मोकळा. पुढचे पुढे.

बाहेर आल्यावर बिरप्पाने पटका काढून तोंड पुसले. "पाडव्यापतोर कोकरं लांबची वाट चालाय लागतील," तो म्हणाला. घरी पोहोचल्यावर म्हाळसाबाईने पद्मजाच्या हातावर ताज्या लोण्याचा गोळा ठेवला आणि विचारले, पुढच्या बाजाराला कान बगाय येणार का, म्हंजी आदी काडायच्या का मागनं, तेवडं आताच सांगा.

पौषात मोकळ्या पट्ट्यावरून ओढलेल्या फडक्याला बंद भागाच्या मानाने बऱ्याच कमी गोचिडी लागल्या. त्याच सुमारास थंडीही कडक पडली होती, आणि थंडीत गोचीड तशीही कमी हलते. या हंगामात ताप एकीला आला: फुलाबाई, गवत कापणारी. ती बंद भागात कापत होती, पण भारा घेऊन रोज मोकळ्या पट्ट्यातूनच घरी जायची. बारा दिवसांनी ती उठली. बाभळीची काही रोपे मेंढ्यांनी खाल्ली, बरीच सोडली.

दोन्ही भागांतल्या जिवंत गोचिडी ओल्या गवतासकट वेगवेगळ्या बाटल्यांत भरून पद्मजाने मुंबईला पाठवल्या आहेत. तिथे त्या गिनीपिगांना लावल्या गेल्या. कुठल्या बाटलीतल्या गोचिडीने गिनीपिगाला ताप आणला, की कुठल्याच नाही, हे माघ संपला तरी कळलेले नाही. पाडवा अजून यायचा आहे, आणि मेंढरे कुरणात आहेत.